पिवळ्या ढेपेचा कायदा

१२ मे १८७५. सुप्याला बाजार भरला होता. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि खते, रोखे, वह्या बाहेर ओढून जाळल्या. दौंड-बारामतीचा हा सगळा पट्टा तेव्हा भीमथडी तालुका म्हणून ओळखला जाई. ठिणगी मात्र त्याआधीच शिरूर तालुक्यातल्या कर्ड्यात पडली होती. तिथे १८७४ च्या डिसेंबरातच गावाने सावकारांशी व्यवहार तोडले होते. पुढे दंगा पसरला, लष्कर आले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. हा इतिहास शाळेच्या पुस्तकातही सापडतो.

त्याच १८७५ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पार्लमेंटाने खाद्यपदार्थ आणि औषधांच्या विक्रीचा कायदा मंजूर केला. आज जगभर जे अन्नकायदे चालतात, त्यांतल्या पुष्कळांचा हा मूळपुरुष. त्याच्यामागेही एक कहाणी आहे. आर्थर हॅसल नावाच्या डॉक्टरने लंडनच्या दुकानांतली कॉफी, मिरी, पीठ सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि काय सापडले ते दुकानदारांच्या नावपत्त्यांसह 'लॅन्सेट' साप्ताहिकातून छापले. १८५८ साली ब्रॅडफर्डला पेपरमिंटच्या गोळ्यांत नेहमीची भेसळीची पांढरी भुकटी घालायची होती, तिच्याऐवजी सोमल पडला आणि वीसेक माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या लोकांना गप्प बसवणे सरकारला जड गेले.

एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की आपल्याकडची गोष्ट उलगडायला सोपी जाते. भीमथडीच्या माणसाचे भांडण कागदाशी होते, व्याजाशी होते, सावकाराच्या मापाशी होते. पदार्थाशी नव्हते. जो ज्वारी पिकवतो तोच ती खातो, तिथे भेसळ कोण कोणाला करणार? भेसळीला अंतर लागते. करणाऱ्याने खाणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसावे लागते.

जुन्या राज्यकर्त्यांचे लक्षही शुद्धतेपेक्षा भावावर आणि मापावर असे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे बाजाराचे निरख आणि वजनमापांची देखरेख होती. इंग्रज आले, शिरूरला छावणी पडली, पूना हॉर्सचे घोडेस्वार घोडनदीच्या काठी राहू लागले, १८६८ मध्ये शिरूरला नगरपालिकाही झाली. तरी ताटातल्या अन्नाशी कायद्याचा संबंध दूरचाच राहिला. १८६० च्या भारतीय दंडविधानात २७२ आणि २७३ अशी दोन कलमे होती. अन्नात किंवा पेयात अशी भेसळ करणे की ते अपायकारक होईल, आणि असे अपायकारक अन्न विकणे, हे गुन्हे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्या काळी हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम. पण या कलमांत एक मेख होती. पाणी घातलेले दूध अपायकारक ठरत नाही. त्यामुळे गवळ्याने निम्मे पाणी ओतले तरी हे कलम त्याला चिकटत नसे. फसवणूक आणि विषबाधा यांच्यामध्ये जी प्रचंड मोकळी जागा आहे, आणि बाजारातली नव्वद टक्के भेसळ जिथे राहते, ती या कायद्याने तशीच सोडून दिली.

अंतर आणले ते रेल्वेने. १८५८ मध्ये गाडी पुण्याला पोचली, १८६० पर्यंत सोलापूरला. वाटेत दौंड. १८७६-७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम झाले, १८७८ मध्ये तो सुरू झाला आणि दौंडचे जंक्शन झाले. त्याच दशकात खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा पाटसच्या दिशेने सरकत होता. ज्या मुलखात बाजरीचीही खात्री नव्हती, तिथल्या काही शिवारांना पाटाचे पाणी दिसू लागले. पाटाच्या पाण्यामागे ऊस आला, उसामागे गूळ आणि गुळामागे केडगाव-दौंडच्या स्टेशनांवरून बाहेर जाणारा व्यापार. गूळ करणारा इथे, खाणारा मुंबईत किंवा गुजरातेत. भेसळीला लागणारे अंतर तयार झाले.

मुंबई इलाख्यात भेसळ प्रतिबंधाचा पहिला कायदा १८९९ चा, दुसरा १९२५ चा. दोन्हींचा जीव शहरात होता. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी तूप आणि दूध हे भांडणाचे मुख्य विषय, आणि नगरपालिकांचे आरोग्य खाते हे कायद्याचे हातपाय. १९३७ पासून डालडाचा पिवळा डबा घरोघर जाऊ लागला आणि तुपाचा प्रश्न आणखी चिघळला. वनस्पती तूप खाण्यास वाईट की चांगले यावर गांधीजींपासून संसदेपर्यंत खल झाला. व्यवहारात प्रश्न साधा होता: लोणकढ्या तुपात डालडा मिसळला तर ओळखायचा कसा? तोडगा निघाला तो मोठा हुशारीचा. प्रत्येक वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची कारखानदारांवर सक्ती झाली. तिळाच्या तेलाला फर्फ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लागले की ते लाल होते. म्हणजे तुपाच्या नमुन्यात लाली उतरली की समजायचे, आत डालडा आहे. कायद्याने भेसळीच्या मालातच चुगलखोर बसवून ठेवला. अन्नकायद्याच्या सगळ्या इतिहासात मला ही युक्ती सर्वांत आवडते, कारण तिथे कायदा भेसळ करणाऱ्याच्या पुढे एक पाऊल होता. असे क्वचित घडते.

स्वतंत्र भारताचा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा, अंमल १ जून १९५५ पासून. त्याने दंडविधानातली मोकळी जागा भरली. मागितला तो पदार्थ, त्या प्रतीचा, त्या जातीचा मिळाला नाही तर तो भेसळीचा. मग खाणाऱ्याला अपाय होवो न होवो. प्रत्येक पदार्थाची व्याख्या आणि आकडे नियमांत आले. गूळ म्हणजे काय तेही सरकारने लिहून काढले: उसाचा रस (किंवा ताड, शिंदी, माडाची नीरा) उकळून, प्रक्रिया करून झालेला पदार्थ, कोरड्या वजनावर एकूण शर्करा ९० टक्क्यांपेक्षा कमी नको, त्यात सुक्रोज ६० टक्क्यांपेक्षा कमी नको, एकूण राख ६ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि घट्ट गुळात ओलावा १० टक्क्यांच्या आत. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण गोष्ट पुढे त्यांच्यावरच अडते.

या कायद्याची खरी कथा आकड्यांपेक्षा बाटल्यांची आहे. अन्न निरीक्षक दुकानात येई, पंच उभे करी, आणि नमुना 'विकत' घेई. पैसे मोजून, पावती घेऊन, कारण कायद्याने ती विक्रीच असायला हवी होती. मग त्या मालाचे तीन सारखे भाग. प्रत्येक भाग कोरड्या स्वच्छ बाटलीत, दुधाचा असेल तर टिकण्यासाठी फॉर्मॅलिनचे थेंब, वर बूच, कागदाचे वेष्टण, चिठ्ठी, दोरा, लाख. एक भाग सार्वजनिक विश्लेषकाकडे, दोन स्थानिक आरोग्य प्राधिकाऱ्याकडे राखून. अहवाल विरुद्ध गेला तर आरोपीला हक्क होता: दहा दिवसांत कोर्टाकडे अर्ज करून राखीव भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवा म्हणायचे. त्या प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा. देशात अशा मोजक्याच प्रयोगशाळा होत्या आणि पुण्याची राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा त्यांतली एक.

एवढी काटेकोर व्यवस्था, आणि वकिलांनी घर केले ते तिच्याच सांध्यांत. १९६७ मध्ये घिसाराम नावाच्या दिल्लीच्या विक्रेत्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. दह्याचा नमुना, खटला भरायलाच इतका उशीर झाला की राखीव दही सडून गेले होते. दुसऱ्यांदा तपासून घेण्याचा हक्कच बुडाला, म्हणून आरोपी सुटला. महाराष्ट्रातल्या पमनानी खटल्यात हिंग होता. विश्लेषकाकडे नियमात लिहिल्यापेक्षा कमी वजनाचा नमुना गेला, आणि तेवढ्यावर न्यायालयाने आरोपीला सोडले. १९७८ मध्ये न्यायालयाने ती भूमिका बदलली आणि नमुना विश्लेषणाला पुरेसा असेल तर वजनाची कमी-जास्त चालेल असे सांगितले. पण तोवर गावोगावच्या न्यायालयांत धडा गिरवून झाला होता. माल कसा होता यापेक्षा बाटली कशी बांधली, चिठ्ठीवर सही कोणाची, पंच फुटला का, याच्यावर निकाल फिरत. दुसऱ्या बाजूला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारखे न्यायाधीश होते. प्याराली तेजानी यांच्या खटल्यात त्यांनी सुपारीसुद्धा अन्नच आहे आणि विकणाऱ्याचा हेतू पाहायची गरज नाही, असे १९७३ मध्ये ठामपणे सांगितले. कायदा कडक, पुरावा ठिसूळ, असा हा संसार.

आणीबाणीत, १९७६ च्या दुरुस्तीने, शिक्षा आणखी वाढल्या. जिवावर बेतणाऱ्या भेसळीला जन्मठेपेपर्यंत. किरकोळ वाटणाऱ्या गुन्ह्यालाही किमान सहा महिने आणि हजार रुपये दंड पूर्वीपासून होताच. परिणाम उफराटा झाला असे माझे मत आहे. चहाच्या टपरीवाल्याला दुधातल्या पाण्यासाठी सहा महिने आत टाकायचे म्हटले की न्यायाधीशाचा हात कचरतो, आणि तो बाटलीच्या चिठ्ठीत पळवाट शोधू लागतो. शिक्षा जितकी जबर तितकी ती होण्याची शक्यता कमी.

आता शहरातून गुऱ्हाळावर येऊ. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, त्याबरोबर खडकवासल्याचेही गेले. नंतर खडकवासला नव्याने उभे राहिले आणि नवा मुठा उजवा कालवा दौंड ओलांडून इंदापूरपर्यंत गेला. भीमेवर उपसा योजना बसल्या. शिरूरला घोड धरणाचे, पुढे चासकमानचे पाणी आले. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा असे सहकारी कारखाने उभे राहिले. पण कारखान्याची तोड वेळेवर येत नाही, बिल लांबते, आणि पाटसच्या कारखान्याचे तर मध्यंतरी काही हंगाम धुराडेच पेटले नाही. ऊस मात्र रानात थांबत नाही. म्हणून केडगाव, राहू, खुटबाव, पाटस या पट्ट्यात गुऱ्हाळे टिकली, नुसती टिकली नाहीत तर वाढली. आज त्यांतली अनेक उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर भाड्याने चालवतात.

चरकातून निघालेला रस आधी हौदात, मग काहिलीत. चुलवणात वाळले चिपाड सारणारा चुलवाण्या आणि काहिलीजवळ उभा गुळव्या, ही दोन माणसे सांभाळली की गुऱ्हाळ सांभाळले. रस तापला की मळी वर येते. रानभेंडी चेचून काढलेला चिकट रस त्यात पडला की ती गोळा होते आणि झाऱ्याने ओढून काढता येते. थोडी चुन्याची निवळी आंबटपणा मारते, गूळ घट्ट बसायला मदत करते. १०५ अंशांच्या आसपास काकवी होते, ११८ च्या आसपास गूळ, पण गुळव्या थर्मामीटर पाहत नाही. पाकाचे चार थेंब पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळते का बघतो, फेसाचा रंग बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. दोन मिनिटे उशीर झाला तर पाक करपतो, लवकर उतरवला तर ढेप बसत नाही. मग वाफ्यात ओतायचे, निवेपर्यंत घोटायचे, साच्यात भरायचे.

असा प्रामाणिकपणे केलेला गूळ कसा दिसतो? तपकिरी. कधी लालसर, कधी काळपट. जमिनीवर, पाण्यावर, उसाच्या जातीवर अवलंबून. आणि बाजारात ढेप फुटली की बोली कशावर लागते? रंगावर. एक्स्ट्रा, एक नंबर, दोन नंबर. पिवळा पुढे, काळा मागे. गुजरातच्या खरेदीदाराला पिवळा हवा, पुण्याच्या किराणा दुकानातल्या बाईलाही पिवळा स्वच्छ वाटतो. आडत्याच्या पट्टीवर किलोमागे दोन-चार रुपयांचा फरक पडतो तो इथे. म्हणून काहिलीत 'पावडर' पडते. हायड्रोस म्हणतात तिला, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. मुळात हे कापड-कागदाचा रंग उडवायचे रसायन. उकळत्या रसात चिमूट पडली की रंग फिका होतो, गूळ सोन्यासारखा दिसतो, आणि मागे सल्फर डायॉक्साइड राहतो. त्याची मर्यादा कायद्यात किलोला ७० मिलिग्रॅम. गंमत अशी की हा रंग उसना असतो. ढेप काही आठवडे पडून राहिली की पुन्हा काळवंडते. पण तोवर ती विकली गेलेली असते.

सरकारने १९३७ मध्ये शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा केला, त्यातून अॅगमार्क आले. १९३९ मध्ये मुंबई शेतमाल बाजार कायदा, १९६३ मध्ये महाराष्ट्राचा. उद्देश चांगले: उघडा लिलाव, खरे वजन, शेतकऱ्याला संरक्षण. १८७५ च्या कुणब्याने ज्या मापाविरुद्ध हात उचलला होता, त्याचे हे उत्तरच होते. पण लिलाव डोळ्यांनी होतो, आणि डोळ्यांना रंग दिसतो, गंधक दिसत नाही. सरकारचा एक कायदा शेतकऱ्याला सांगतो की पिवळ्याला भाव आहे, दुसरा सांगतो की पिवळा करशील तर दंड आहे. दोन्ही कायद्यांची खाती वेगळी, कचेऱ्या वेगळ्या, आणि मधे काहिलीपाशी उभा गुळव्या एकटा.

दुधातही हेच. शिरूर तालुक्यात ऊस जिथे संपतो तिथे गोठा सुरू होतो. संकलन केंद्रावर मशीन फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ, दाखवते. शेतकरी दुसऱ्याला 'डिग्री' म्हणतो. गाईच्या दुधाला कित्येक वर्षे ३.५ आणि ८.५ हे आकडे होते, २०१७ मध्ये केंद्राने ते ३.२ आणि ८.३ केले, म्हशीला महाराष्ट्रात ६ आणि ९. भाव आकड्याला मिळतो म्हटल्यावर कोणीतरी आकडा बनवायला बसणारच. पाणी घातले की डिग्री पडते. मग ती उचलायला साखर, मीठ; नत्राचा आकडा हवा असेल तर युरिया. चीनमध्ये २००८ साली हेच मेलामाइन घालून झाले. प्रथिने नत्रावरून मोजली जातात आणि मेलामाइनमध्ये नत्र भरपूर. सहा बाळे गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली. भेसळ नेहमी मोजमापाच्या मागे जाते. ज्या यंत्रावर पैसे मिळतात, त्या यंत्राला फसवायला ती शिकते.

२०११ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरच्या दुधाचे नमुने काढले. ६८.४ टक्के निकषांत बसले नाहीत अशी बातमी झाली आणि टीव्हीवर 'पांढरे विष' सुरू झाले. त्यातले बरेचसे पाण्याचे किंवा कमी फॅटचे होते, हे कोणी सांगितले नाही. २०१८ च्या पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी प्रत्यक्ष घातक भेसळ १२ मध्ये निघाली. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त होते. हे कोणी घातलेले नव्हते. बुरशी आलेल्या पेंडीतून, मक्यातून ते गाईच्या पोटात आणि तिथून दुधात उतरले होते. याला पोलीस काय करणार? इथे गोठ्यातला कोरडा कोनाडा आणि पेंडीच्या पोत्याखालची फळी कायद्यापेक्षा जास्त उपयोगी. पण अशा गोष्टींची बातमी होत नाही.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि १९५४ चा मोडीत निघाला. त्याने काही गोष्टी शहाणपणाने बदलल्या. कमी प्रतीचा माल, चुकीचे लेबल यांना कैद नाही, दंड: कमी प्रतीला ५ लाखांपर्यंत, खोट्या लेबलला ३ लाखांपर्यंत. हे खटले न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न जाता न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे चालतात. कैद राहिली ती असुरक्षित अन्नाला. मृत्यू झाला तर किमान सात वर्षे, जन्मठेपेपर्यंत. नमुन्याचे आता चार भाग होतात. चौथा भाग व्यावसायिकाने मागितला तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अहवाल मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील. 'सँपल फेल गेलं' हे आता शेवटचे वाक्य राहिलेले नाही, पण गुऱ्हाळवाल्याला हे सांगणारा कोणी भेटत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या कायद्यातली सर्वांत महत्त्वाची रेघ वेगळीच आहे. पिकवणाऱ्याच्या हातातला कच्चा शेतमाल कायद्याच्या लेखी 'प्राथमिक अन्न'ही नाही. रानातला ऊस, गोठ्यातले दूध यांवर हा कायदा हात टाकत नाही. सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या दूध उत्पादकाला नोंदणीही लागत नाही. पण तोच ऊस चरकात गेला, रस काहिलीत पडला की त्या क्षणी शेतकरी 'अन्न व्यावसायिक' होतो. २०११ च्या मूळ नियमावलीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर शंभर रुपयांत नोंदणी होती, वर गेली तर परवाना. किलोला ४० रुपये भाव धरला तर १२ लाख म्हणजे ३० टन गूळ, म्हणजे साधारण तीन हेक्टरांचा ऊस. भाड्याने चालणारे मोठे गुऱ्हाळ ही रेघ हंगामाच्या सुरुवातीलाच ओलांडत असे.

आणि आता गुळाचे ते आकडे. अलीकडच्या वर्षांत अन्न व औषध प्रशासनाने दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर वारंवार छापे घातले. गुळाबरोबर साखरेची पोतीही जप्त झाली. स्वस्तातली, डागाळलेली साखर काहिलीत ओतायची, वजन वाढते, रंग सुधारतो. हा गूळ प्रयोगशाळेत गेला तर? २०११ च्या मानकांत जुनेच निकष आले: सुक्रोज ६० टक्क्यांपेक्षा कमी नको. जास्तीची मर्यादा नाही. साखर घातली की सुक्रोज वाढतेच. म्हणजे आकड्यांच्या परीक्षेत भेसळीचा गूळ चांगल्या गुळापेक्षाही वरच्या गुणांनी पास होऊ शकतो. तो नापास होतो तो फक्त व्याख्येत: उसाच्या रसापासून झालेला नाही म्हणून. आणि व्याख्या परीक्षानळीत तपासता येत नाही, त्यासाठी काहिलीपाशी जाऊन साखरेचे पोते पकडावे लागते. छापे का घालावे लागतात याचे उत्तर हे आहे. डालड्यात तिळाचे तेल घालायला लावणारी बुद्धी गुळाच्या बाबतीत कोणालाही सुचली नाही.

चुलवणातली गोष्ट तर वेगळ्याच खात्याची. चिपाड पुरेना म्हणून काही ठिकाणी प्लास्टिकचा कचरा, जुन्या चपला, टायर जाळल्याच्या तक्रारी गावकरी करत आले आहेत. धूर प्रदूषण मंडळाचा, गूळ अन्न प्रशासनाचा, कामगार कामगार खात्याचे, आणि जमीन महसुलाची.

पोलिसांचे काय? २०२४ च्या फेब्रुवारीत रामनाथ विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००६ चा कायदा असताना दंडविधानाची २७२-२७३ कलमे त्याच्या बरोबरीने चालवता येणार नाहीत. त्याच वर्षी १ जुलैला दंडविधान गेले, भारतीय न्याय संहिता आली. तिथे हीच कलमे २७४ आणि २७५ म्हणून बसली आहेत. सहा महिने कैद तशीच आहे. हजार रुपयांचा दंड १६४ वर्षांनी पाच हजार झाला आहे.

राहता राहिला खाणारा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि त्याच वर्षी भेसळीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ग्राहक संघटनांनाही नमुना तपासून घेण्याचा हक्क मिळाला. आजच्या कायद्यात तो ४० व्या कलमात आहे आणि एकट्यादुकट्या गिऱ्हाइकालाही आहे. दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगायचे की हा माल मी तपासायला देणार आहे, फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे द्यायचा; माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते. शिरूर-दौंडच्या बाजारात हा हक्क वापरणारा माणूस शोधून सापडायचा नाही. वापरणार असाल तर पिवळ्या ढेपेपासून सुरुवात करा, आणि सल्फर डायॉक्साइडची तपासणी आवर्जून मागा.